डोळ्यांचा आहार

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतो आणि आधी आपल्याला काय काय येते याची लांबलचक यादी वाचतो. त्यात चार वेद, इतिहास-पुराणे, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, अगदी सर्पविद्याही आहे. एवढे सांगून झाल्यावर तो कबूल करतो की, आपल्याला शब्द कळतात, आत्मा कळत नाही, म्हणून दुःख सुटत नाही. माहिती पोटभर असूनही माणूस उपाशी राहू शकतो, हे इतक्या जुन्या काळी कोणाला तरी जाणवले होते.

त्याच अध्यायाच्या शेवटी उत्तर येते. आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, त्यामुळे स्मृती अढळ होते आणि मग गाठी सुटतात. येथे ‘आहार’ कशाला म्हणायचे, यावर आचार्यांत मतभेद आहे. रामानुजांच्या परंपरेत तो अन्नाचा आहार. शंकराचार्यांच्या भाष्यात मात्र शब्द, रूप इत्यादी जे जे इंद्रिये आत ओढून घेतात, ते सगळे आहारच. रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर अंगठा सरकवणाऱ्याला यातला दुसरा अर्थ पटायला भाष्याची गरज पडत नाही.

हा आहार दृष्टी कशी घडवतो, याचे मराठी उदाहरण ठळक आहे. सतराव्या शतकातले तुकोबा दिसायला कसे होते, हे आज कोणीच सांगू शकत नाही. तरीही १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट आला आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा हाच तुकोबांचा चेहरा होऊन बसला. डोळे मिटून तुकोबा आठवू पाहणाऱ्या कित्येकांना नट दिसतो. श्रद्धा खरी असते, प्रतिमा उसनी असते.

प्रतिमा आणि छापील शब्द यांच्या वाढत्या गर्दीत माणसाचे काय होते, हे जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनीही पाहिले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सासर जळगावचे, काम शेतीचे. जळगावात छापखाना आला तेव्हा त्यावरही त्यांनी गाणे रचले. कोरा कागद यंत्रात जातो आणि शहाणा होऊन बाहेर पडतो, माणूस मात्र होता तसाच राहतो, असा त्यातला टोमणा आहे. नारदाची कबुली आणि हा टोमणा यांत अंतर फारसे नाही. फरक इतकाच, की नारद यादी वाचून थकला होता आणि या बाईला यादी वाचताच येत नव्हती.

त्यांचे दुसरे एक गाणे घरोटावर आहे. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. दळताना एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्याने जात्याच्या तोंडात थोडी थोडी वैरण घालायची. घाईने मोठी मूठ टाकली की पीठ भरड पडते, पुन्हा दळावे लागते. ओवी म्हणायची तीही जात्याच्या फेऱ्याच्या लयीत, म्हणजे शब्दालाही दळणाची गती. शंकराचार्यांचा आहार मान्य केला तर त्याचे प्रमाण कोणते, याचा निर्देश या एका मुठीत सापडतो. पाहिलेले आणि ऐकलेले दळून झाले तरच ते स्मृतीत उतरते. अढळ स्मृतीवर उपनिषदाने एवढा भर का दिला, तेही येथे कळते: ‘मी’ म्हणजे बऱ्याच अंशी आठवणच, आणि भरड आठवणीवर कोणाचे घर चालत नाही.

मनाविषयी बहिणाबाईंना भ्रम नव्हता. हाकलले तरी पुन्हा उभ्या पिकात शिरणारे ढोर, ही त्यांची मनाची कल्पना. योगशास्त्र ज्याला प्रत्याहार म्हणते, तो इंद्रियांना विषयांपासून परत फिरवण्याचा खटाटोप शेतकऱ्याच्या भाषेत मांडला तर असाच दिसेल. गुराला मारून टाकता येत नाही, कारण उद्या नांगराला तेच लागणार. राखण मात्र रोज करावी लागते.

त्यांची ही गाणी घरच्यांनी ऐकून उतरवून ठेवली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. पुढच्या वर्षी मुलगा सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ हे पुस्तक काढले. छापखान्यावरचे ते गाणेही लोकांपर्यंत पोचले ते छापखान्यातूनच.