शाळा घरी आणण्यापूर्वी

मुलाला नेहमीच्या शाळेतून काढून ऑनलाइन शाळेत घालावे का, हा प्रश्न आता अमरावती-अकोल्यातल्या घरांतही गंभीरपणे विचारला जातो. त्यामागची कारणे खरी असतात. आईची किंवा वडिलांची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते. मुलगी सकाळ-संध्याकाळ मैदानावर असते आणि शाळेची वेळ सरावाच्या आड येते. वर्गातल्या चिडवण्याने एखाद्या मुलाने बोलणेच टाकलेले असते. बुलढाणा-वाशिमकडची मुले नीटच्या शिकवणीसाठी अकोल्यात खोली घेऊन राहतात. तीच शिकवणी मोबाइलवर मिळत असेल तर खोलीभाडे आणि मेसचा खर्च कशाला, असे त्यांच्या आईवडिलांना वाटते. या पालकांना सरसकट चूक ठरवणे अन्यायाचे आहे. पण निर्णय घेण्याआधी शाळा मुलाला नेमके काय देते, याचा हिशेब त्यांनी मांडायला हवा.

माझ्या मते शाळा चार गोष्टी देते. पहिला धडा. दुसरी दिवसाची शिस्त: उठणे, निघणे, बसणे, परत येणे. तिसरे सोबती. आणि चौथा, घराबाहेरचा एक जाणता माणूस, ज्याची नजर त्या लेकरावर रोज पडते. ऑनलाइन शाळा यातला धडा पोचवते, कधी कधी जवळच्या शाळेपेक्षाही चांगला पोचवते. बाकीच्या तिन्ही गोष्टी मात्र घराच्या अंगावर येतात. म्हणून मूल किती हुशार आहे यापेक्षा घर हा भार पेलू शकेल का, हे आधी पाहावे लागते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा हा भार प्रत्येक घरावर न विचारता टाकला गेला. २३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यात नववी ते बारावीचे वर्ग सुरू होऊ लागले. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा तडाखा वऱ्हाडाला आधी बसला आणि अमरावती, अचलपूर पुन्हा कुलूपबंद झाले. त्या काळात शिक्षकांनी कष्ट घेतले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली, दीक्षा ॲपवर धडे आले. तरी घरात एकच फोन आणि तोही वडिलांसोबत शेतात किंवा दुकानात, ही हजारो घरांची अडचण होती. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या अनेक गावांत, रेंजच नव्हती. आणि घरी कोरकू बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला पडद्यावरची प्रमाण मराठी समजावून द्यायला जवळ कुणी नव्हते. वर्गातले गुरुजी मुलाचा चेहरा बघून थांबतात, दोन कोरकू शब्द वापरतात, पुन्हा सांगतात. पडदा तसा थांबत नाही.

परिणाम देशभर दिसला. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. यावर कुणी म्हणेल, ती तर आणीबाणी होती, नीट आखलेली ऑनलाइन शाळा वेगळी. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून टाळेबंदीच्या आधीचा पुरावा पाहू. अमेरिकेत पूर्णवेळ ऑनलाइन सार्वजनिक शाळा साथीच्या बऱ्याच आधीपासून आहेत. तिथले पालक त्या स्वतःहून निवडतात, वीज-इंटरनेटची अडचण सहसा नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ केंद्राने २०१५ मध्ये या मुलांची तुलना नेहमीच्या शाळेतल्या तशाच मुलांशी केली. ऑनलाइन मुले वाचनात ७२ दिवसांच्या आणि गणितात १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे होती. तिथले शालेय वर्षच १८० दिवसांचे धरतात. म्हणजे गणिताचे अख्खे वर्ष गेले.

दुरून शिकवणे यशस्वी झाल्याचे उदाहरणही जगात आहे, आणि ते बरेच जुने आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज इथून १९५१ मध्ये रेडिओवरची शाळा सुरू झाली. शेकडो मैलांवर विखुरलेल्या गुरांच्या वाड्यांवरची मुले तिच्यात शिकली. आता रेडिओची जागा इंटरनेटने घेतली, पण दोन गोष्टी टिकल्या. प्रत्येक मुलाजवळ कुणी मोठे माणूस बसते, आई असो की त्या कामासाठी ठेवलेला शिक्षक. आणि वर्षातून काही काळ सगळी मुले शहरात येऊन एकत्र शिकतात, खेळतात. जिथे अंतरामुळे दुसरा उपायच नव्हता, तिथल्या लोकांनीही मुलाला पडद्यासमोर एकटे सोडले नाही.

आपल्या वऱ्हाडाला तर सोबतीचे मोल अधिकच कळायला हवे. पंजाबराव देशमुखांनी १९२७ मध्ये अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, ते सर्व जातींच्या मुलांसाठी. खेड्यातली पोरे तिथे एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली. पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे जाळे खेडोपाडी पसरले. गाडगेबाबांनी पोटाला चिमटा घेऊन पोरे शिकवा म्हणून गावोगाव सांगितले. या माणसांना धड्याची किंमत ठाऊक होती, तशी एका बाकावर बसण्याचीही होती. आपली घरे, आळ्या, लग्ने अजून जातीच्या कुंपणात आहेत. आपण न निवडलेल्या मुलाशेजारी रोज बसावे लागते अशी जागा मुख्यतः शाळाच आहे. घरी शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला आईवडिलांनी निवडलेली मंडळीच येतात. हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

मुलींच्या बाबतीत मी अधिक आग्रहाने बोलेन. मुलगी घरी आहे म्हटले की धाकट्याला सांभाळ, कणीक मळ, पाहुण्यांना चहा कर, हे आपोआप सुरू होते. वर्ग चालू असतो आणि कान स्वयंपाकघराकडे असतो. पुष्कळ खेड्यांत तिला एकटीने घराबाहेर पडायचे, मैत्रिणींशी मनातले बोलायचे मान्य कारण एकच असते, ते म्हणजे शाळा. आणि घरातच काही वाईट घडत असेल तर ते ओळखणारी पहिली परकी व्यक्ती बहुधा शाळेतल्या बाईच असतात. मुलीची ऑनलाइन शाळा ठरवताना तिच्या दिवसातले हे तास कोण राखणार, हे घरातल्या पुरुषांनी आधी सांगावे.

तरीही काही मुलांना ऑनलाइन शिक्षण योग्य ठरते. दीर्घ आजारात उपचार घेणारे मूल, वर्गाच्या गोंगाटाने कासावीस होणारे स्वमग्न मूल, छळाने खचलेले आणि सावरायला अवकाश हवा असलेले मूल. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची परंपरा असलेल्या अमरावतीत खेळालाच वाहून घेतलेले मूलही नवे नाही, आणि त्याला सोबती व शिस्त मैदानावर मिळतात. दहावीनंतरची, स्वतः वेळ पाळणारी मुलेही यात आली. प्राथमिक वयाच्या मुलासाठी मात्र मी नाहीच म्हणेन, वैद्यकीय कारण असल्याशिवाय. त्या वयात शिक्षण हातांनी, कानांनी, भांडून आणि पुन्हा खेळून होते.

ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांनी काही गोष्टी कागदावर लिहून ठरवाव्यात. दिवसा मुलाजवळ कोण बसणार, त्याचे नाव लिहावे. आजी घरात असणे पुरेसे नाही, ती वहीत डोकावू शकते का ते पाहावे. आठवड्यात कोणत्या मुलांसोबत, कोणत्या मैदानावर, किती तास, तेही लिहावे. भारनियमनात वीज गेली तर काय, याचेही उत्तर असावे. मग शाळेला विचारावे: तुमची मुले दहावीला कोणत्या मंडळाकडून बसतात? देखणे ॲप म्हणजे परीक्षा मंडळ नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे, दहावीसाठी तिथे वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या स्तरावर परीक्षा घेते. शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. यांपैकी कोणती वाट, हे प्रवेशाआधी लेखी घ्यावे. आणि एक वर्षानंतर थांबून मुलालाच विचारावे, घराबाहेर तुझा मित्र कोण? त्याला नाव सांगता आले नाही तर परत शाळेत घालावे, त्यात कमीपणा नाही.

शेवटी एक गोष्ट सरकारसाठी. निवड ही ज्याच्यापुढे दोन्ही पर्याय आहेत त्याची असते. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्याने पुढे आणला. त्याच वाटेने उद्या कुणी मेळघाटातल्या पाड्यावर टॅब पाठवून शाळा झाली असे म्हणेल, तर त्याला ठाम नकार द्यावा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला २००९ च्या कायद्याने घराजवळच्या शाळेचा हक्क दिला आहे. त्या शाळेत शिक्षक, सोबती आणि दुपारचे गरम जेवण येते. ऐपत असलेल्या पालकाने विचारपूर्वक शाळा सोडली तर तो त्याचा निर्णय. गरिबाच्या मुलाची शाळा मात्र पडद्याचे कारण सांगून कुणी काढून घेऊ नये, आणि आपण ती काढू देऊ नये.