अणूला हलवणारा उजेड

दौंडवरून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर हे स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नाएगमवाला उपकरणे घेऊन जेऊरला गेले, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथे आले. जेमतेम दोन मिनिटांत सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपायचा होता. सूर्यावरच्या अणूंना या खटाटोपाचा पत्ताही नव्हता. आलेला उजेड घ्यावा, त्याचे रंग सुटे करावेत, एवढेच निरीक्षकाच्या हाती होते.

निरीक्षणाची आपली कल्पना अजून इथेच थांबली आहे. वस्तूला धक्का न लावता पाहणे म्हणजे खरे पाहणे, असे आपण शिकवतो. शिरूर-दौंडकडचा बीएस्सीचा विद्यार्थी सोडियमच्या दिव्याच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा ग्रेटिंगने मोजतो, तेव्हाही तो दिव्याकडून आलेले फक्त वाचत असतो. हा प्रयोग उत्तमच आहे. पण अशा वाचण्याला एक हद्द आहे, आणि ती यंत्राच्या बारकाईने ओलांडता येत नाही.

दौंडच्या फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो. काचेच्या कुपीतल्या रुबिडियमच्या वाफेत हेच घडते. खोलीच्या तापमानाला तिथले अणू सरासरी सेकंदाला २७० मीटर वेगाने धावतात आणि प्रत्येकाला उजेडाची वारंवारता वेगळी भासते. मुळात ६ मेगाहर्ट्झ रुंदीची रेषा त्यामुळे ५०० मेगाहर्ट्झपर्यंत पसरते. शेजारच्या रेषा तिच्यात बुडून जातात. हीच ती हद्द.

यातून सुटका झाली ती अणूला हलवूनच. ७८० नॅनोमीटरच्या लेझरचे दोन झोत करतात, एक जोरदार, एक क्षीण, आणि ते समोरासमोरून वाफेतून पाठवतात. धावणाऱ्या अणूला एक झोत चढा भासतो, दुसरा उतरता, म्हणून दोघांची गाठ वेगवेगळ्या अणूंशी पडते. झोतांच्या दिशेने ज्याला वेगच नाही, तो अणू मात्र दोघांनाही प्रतिसाद देतो. जोरदार झोताने अशा पुष्कळ अणूंना आधीच वरच्या पातळीवर नेलेले असते. क्षीण झोताला शोषणारे कमी उरतात आणि तो जास्त प्रमाणात पार होतो. त्या पसरट शोषणात एक बारीक खाच उमटते, आणि अणूची खरी रेषा तिथे असते.

उजेड दुप्पट केला की शोषण दुप्पट, हा सरळ हिशेब इथे मोडतो, म्हणून याला अरेषीय म्हणतात. त्यासाठी लागणारी तीव्रता चौरस सेंटिमीटरला दोनेक मिलिवॅट. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत लेझर म्हटले की पत्रा कापणारे यंत्र आठवते, त्या मानाने ही काहीच नाही. भर दुपारचे ऊन एकूण याहून कितीतरी प्रखर असते, पण ते सगळ्या रंगांत वाटले गेलेले. रुबिडियमच्या त्या ६ मेगाहर्ट्झच्या पट्टीत उन्हाचा जो वाटा पडतो, तो या तीव्रतेच्या साधारण दहा लाखांव्या भागाएवढा. म्हणूनच लेझर येईपर्यंत अणूचा हा स्वभाव वर्णपटात सहज दिसला नाही. १९८१च्या भौतिकीच्या नोबेलचा अर्धा वाटा ब्लूमबर्गन आणि शॉलो यांना लेझर वर्णपटशास्त्रासाठी मिळाला. आज पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये रुबिडियमचे अणू लेझरने थंड करून त्यांच्यावर प्रयोग चालतात.

ही कुपी आणि एक डायोड लेझर तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत पोचायला हवा, असे मला मनापासून वाटते. तो पोचला तर विद्यार्थ्याला एक अवघड गोष्टही दिसेल. दोन खऱ्या रेषांच्या बरोबर मधोमध तिसरी खाच उमटते. तिथे अणूची कोणतीच पातळी नसते. ठरावीक वेगाच्या अणूला एक झोत एका रेषेवर गाठतो आणि दुसरा झोत दुसऱ्या रेषेवर, त्यातून ती जन्मते. ती आपल्या दोन झोतांची निर्मिती. रुबिडियम-८७ मध्ये तर अशीच एक खाच सगळ्यांत ठळक असते, आणि अनेक प्रयोगशाळा आपल्या लेझरची वारंवारता तिच्यावरच बांधून ठेवतात.