मागितले, दिले, विचारले का?

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांमधल्या उंचवट्यावर उभा आहे. एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने तो १७५७ साली पुरा केला, असे सांगतात. त्या बुरुजांखालून जाताना मला कारागिरीपेक्षा खर्चाचाच विचार अधिक सुचतो. एवढ्या विटाचुन्याचा पैसा वऱ्हाडातल्या कुणब्याच्या साऱ्यातून आला असणार. पण किल्ला हवा का, केवढा हवा, असे त्याला कोण विचारणार? विचारण्याची रीतच नव्हती.

आपल्या राज्यात ती रीत आहे. घटनेच्या ११३ व्या कलमाप्रमाणे खात्याखात्याच्या मागण्या लोकसभेपुढे येतात. तिने त्या मान्य कराव्यात, नाकाराव्यात किंवा कमी कराव्यात. न्यायाधीशांच्या वेतनासारखे काही खर्च मतदानाबाहेर ठेवले आहेत. फौजेचा खर्च तसा ठेवलेला नाही. तो मागूनच घ्यावा लागतो. सभासदाला कपातीची सूचना आणता येते. ‘या मागणीतून शंभर रुपये कमी करा’, एवढेच म्हणता येते. शंभर रुपयांनी फौजेचे काय अडणार? काही नाही. पण त्या शंभरासाठी मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. ही युक्ती काढणारा माणूस पक्का संसारी असला पाहिजे!

व्यवहार मात्र निराळा आहे. चर्चेचे दिवस सरले की उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात. याला ‘गिलोटिन’ म्हणतात, आणि संरक्षणाच्या मागण्या पुष्कळदा त्याच पात्याखाली जातात. २३ मार्च २०२३ रोजी तर सुमारे ४५ लाख कोटींचे सबंध अंदाजपत्रक गोंधळात, चर्चेवाचून मंजूर झाले. २०२५-२६ साली संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी मिळाले. त्यांत १ लाख ६० हजार कोटींच्या वर निवृत्तिवेतनाचेच. स्थायी समिती हे आकडे तपासते, हे खरे. पण समितीने पाहिले म्हणजे सभेने पाहिले, असे नव्हे.

कोणी म्हणेल, जवान बर्फात उभा असताना हिशेब कसला मागता? हा आक्षेप मनाला लागतो खरा. पण १९६२ साल आठवावे. चिनी फौजा पुढे येत असतानाच, ८ नोव्हेंबरला लोकसभा भरली आणि दीडशेवर सभासद बोलले. बाहेर बायाबापड्या अंगावरचे सोने संरक्षण निधीला देत होत्या. कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. पुढल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात संरक्षणाला ८६७ कोटींची तरतूद झाली, कर वाढले, लोकांनी ते सोसले. तेव्हा विचारणाऱ्यांना कोणी देशद्रोही ठरवले नाही. डोंगरावरच्या शिपायाला पुरेसे गरम कपडे नव्हते, हातातली बंदूक जुनी होती. हे कोणी विचारल्यानेच उजेडात येते. त्याच्याविषयीच्या आदराने आपण गप्प बसलो, तर त्याचे कपडे पोचले की नाहीत, हे कोण पाहणार? आमच्या शाळेत खडूच्या पेटीचाही हिशेब द्यावा लागतो, आणि त्यात मास्तरचा अपमान झाला असे अजून कोणाला वाटलेले नाही.

सभासद म्हणतात, पक्षादेश असतो. मत आमच्या हाती कुठे आहे? मताचे असेल तसे. पण प्रश्न विचारायला पक्षादेश कधी आड आला?