उत्सवकाळी सावधपण आणि कृतज्ञभाव

॥ श्री ॥

आश्विन प्रतिपदेला घरोघरी घट बसतात आणि वरोरा परिसराचे रूपच पालटते. शेतात सोयाबीनची कापणी, कपाशीची पहिली वेचणी, आणि पहाटे देवदर्शनाला अनवाणी निघालेली माणसे, हे दृश्य कोजागिरी, दीपावली ओलांडून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालते. हा आनंदाचा काळ होय. परंतु गर्दी, अग्नी, पाणी आणि वाहने हीदेखील याच काळात एकत्र येतात. म्हणून भाविकांनी दर्शनाला निघण्यापूर्वी क्षणभर थांबून या विषयाचे चिंतन करावे.

‘देवाच्या दारी निघालो आहोत, देवच राखील,’ असे पुष्कळजण श्रद्धेने म्हणतात. त्या श्रद्धेला वंदनच आहे. पण नवरात्रातील अखंड दीपाकडे पाहावे. ती ज्योत नऊ दिवस तेवावी म्हणून घरातील माउली रात्री उठून तेल घालते, काजळी झाडते, वारा सुटला तर तळहाताचा आडोसा करते. देवीचा दीप देवीच सांभाळील, असे म्हणून ती झोपी जात नाही. तिच्या त्या जागरणालाच आपण भक्ती म्हणतो. मग देवाने प्रत्येक देहात लावलेल्या प्राणज्योतीविषयी बेफिकीर राहणे, याला भक्ती कसे म्हणावे?

सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेव येथे २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत जे घडले ते महाराष्ट्र विसरू शकत नाही. काळूबाईच्या दर्शनाला डोंगरावर लोटलेल्या अफाट गर्दीत चेंगराचेंगरी झाली, वाटेवरील दुकानांना आग लागली आणि सुमारे ३०० भाविकांनी प्राण गमावले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांचा त्या अनर्थाच्या कारणांत पुढे उल्लेख झाला. नारळ फोडणाऱ्या एकाच्याही मनात वाईट भाव नव्हता. प्रत्येकाने आपला नवस तेवढा फेडला. परंतु आपल्या मागून आणखी कोणी येत आहे, याचा विसर पडला की पुण्यकर्मातूनही संकट उभे राहते. मागून येणाऱ्याचे स्मरण ठेवणे, हेच सावधपणाचे सार होय.

कृतज्ञता या सावधपणाची सख्खी बहीण आहे. उत्सवाच्या दिवशी सारे गाव नवे वस्त्र नेसते, तेव्हा काही माणसे कामाचाच गणवेश चढवतात. पहाटे रस्ता झाडणारा सफाई कामगार, चौकात उभा पोलीस व होमगार्ड, एस.टी.चे चालक-वाहक, खांबावर चढलेला वीज कर्मचारी, रुग्णालयातील परिचारिका, जंगलात गस्त घालणारा वनरक्षक, यांच्याही घरी घट बसलेला असतो, यांचीही लेकरे वाट पाहत असतात. त्यांना हात जोडणे चांगलेच. पण आपल्या निष्काळजीपणाने त्यांचे ओझे न वाढवणे, ही त्याहून खरी कृतज्ञता.

याचा धडा वरोऱ्याला दूर शोधावा लागत नाही. बाबा आमटे या गावच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना, सफाई कामगारांचे कष्ट समजावेत म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. त्याच काळात एका पावसाळी सांजेला गटाराकाठी पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि निर्भय म्हणून ओळखले जाणारे बाबा भयाने दूर पळाले. पण ते भय त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परतले, त्यांनी तुळशीरामला निवारा केला, त्याची शुश्रूषा केली. पुढे १९५१ साली साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या बळावर खडकाळ माळावर आनंदवनाचा संसार सुरू झाला. समाजाने ज्यांना वेशीबाहेर काढले, त्यांनीच बोटे झडलेल्या हातांनी विहीर खोदली, अन्न पिकवले. ज्या हातांकडे आपण पाहत नाही, त्यांचेच आपल्यावर ऋण असते, हे या मातीने डोळ्यांदेखत अनुभवले आहे. गाडगे महाराजही यात्रेत आधी हाती खराटा घेत, कीर्तन त्यानंतर.

म्हणून भाविकांनी या गोष्टी व्रताप्रमाणे पाळाव्यात. रांग मोडू नये व मागून रेटू नये. नारळ नेमून दिलेल्या जागीच फोडावा. लहान मुलाच्या खिशात पालकांचे नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. घरचा दीप पडदे, कापूस आणि गॅसच्या टाकीपासून दूर ठेवावा. रोषणाईसाठी उघड्या तारा जोडू नयेत. रात्री पायी येणाऱ्यांनी नागपूर-चंद्रपूर महामार्गाच्या कडेने, विजेरी घेऊन, समूहाने चालावे. ताडोब्याच्या बाजूच्या गावांतून येणाऱ्यांनी दिवस उजाडल्यावरच निघावे आणि एकट्याने झुडपात शिरू नये. विसर्जनाच्या वेळी वर्धा नदीच्या खोल पात्रात उतरू नये. पावसाळ्यानंतर तळाचे खड्डे वरून दिसत नाहीत. मद्य घेऊन वाहन चालवणे हा देवाचा आणि माणसाचा, दोघांचाही अपराध होय. संकटसमयी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

मोठ्या शहरात दुर्घटनेतील माणूस हा वृत्तपत्रातील आकडा असतो. लहान गावात त्याला नाव असते, त्याचे घर आपल्या वाटेवर असते आणि त्याच्या अंगणातील विझलेली पणती पुढची कितीतरी वर्षे सर्वांना दिसत राहते. देवळातून परतणारा प्रत्येक पाय सुखरूप आपल्या उंबरठ्यावर पोहोचावा, तेव्हाच यात्रा पूर्ण झाली असे मानावे. परतताना आपली पत्रावळ आपण उचलावी, रांग सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला दोन गोड शब्द बोलावेत आणि घरी गेल्यावर देवापुढे लावलेल्या दिव्याला पुन्हा एकदा हाताचा आडोसा करावा.

सर्व भाविकांची यात्रा मंगलमय होवो.

॥ शुभं भवतु ॥