कोऱ्या जागेची नक्कल

भुसावळच्या जुन्या युरोपियन दफनभूमींत मेजर रॉबर्ट गिल याची कबर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामीं ईस्ट इंडिया कंपनीनें त्याला 1844 मध्यें नेमलें. त्यांतील बहुतेक नकला 1866 सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाल्या, आणि 1879 मध्यें गिल वारला. घाटावर अजिंठा गांवांत दुसरी एक कबर आहे, ती पारोची. आपली प्रिय पारो 23 मे 1856 रोजीं पटकीनें वारली, एवढेंच त्या शिळेवर कोरलें आहे. तिचे आईबाप कोण, आडनांव काय, हें शिळा सांगत नाहीं. कवि ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ काव्यानें तिला मराठी वाचकांच्या घरीं आणलें खरें. परंतु काव्य म्हणजे दाखला नव्हे.

चर्चच्या वहींत दाखला मिळे तो तीनच प्रसंगांचा: बाप्तिस्मा, विवाह आणि दफन. मुंबई इलाख्यांतील अशा नोंदींच्या नकला लंडनला जात. 1709 पासूनच्या त्या वह्या आज तेथील ब्रिटिश लायब्ररींत आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ ही 1998 मध्यें निघालेली संस्था. तिचे स्वयंसेवक अशा नोंदी उतरवून त्यांची नांववार सूचि करतात. धरणगांवच्या भिल्ल पलटणींत किंवा भुसावळच्या रेल्वेंत चाकरी केलेल्या पूर्वजाचा शोध घेणाऱ्या वंशजाला हा उपकारच आहे.

आतां यांत नीतीचा प्रश्न कोठें आला, असें वाचक विचारतील. तो आला एका कोऱ्या जागेंत. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदींत बाप युरोपियन व आई या देशची असली, म्हणजे बापाचें नांव हुद्द्यासह येतें. आईच्या ठिकाणीं पुष्कळदां कांहींच नसतें, किंवा ‘एक देशी स्त्री’ एवढेच शब्द असतात. नकलकारानें येथें काय करावें? पदरचें नांव घालावें, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. धुळ्यास 1927 मध्यें स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळांतले जुने कागद ज्यानें हाताळले असतील, त्याला हें सांगावयास नको. कसरीनें खाल्लेलें अक्षर अंदाजानें भरलें, कीं सबंध कागद संशयास्पद होतो. पण मुळाबरहुकूम नक्कल केली म्हणजे नकलकार सुटला काय? मला तसें वाटत नाहीं. सूचि नांवांची असते. जिला नांव नाहीं ती सूचींत येतच नाहीं. मूळ वहीचें पान उलटणाऱ्याला ती कोरी जागा निदान दिसे, मनांत खटके. सूचि पाहणाऱ्याला बापाकडची वंशरेषा सरळ मिळते, आणि तीच आपली सगळी कुळकथा असें मानून तो समाधानानें उठतो. पाद्र्यानें आळसानें किंवा लाजेनें जें अर्धवट केलें, तें नकलकाराच्या उद्योगानें पुरें होतें.

पाद्र्याला नांवें ठेवण्यापूर्वीं मात्र आपण घरचा कुलवृत्तांत उघडावा. विवाहांत मुलीचें नांव बदलण्याची आपली चाल. पतीच्या नांवाखालीं तिचें सासरचें नांव येतें, माहेरचें कोणाला आठवलें तर येतें. आमच्या घराण्याची वंशावळ मी छापण्यासाठीं उतरवूं लागलों, तेव्हां पणजीच्या ठिकाणीं ‘माहेर एरंडोल’ एवढेच शब्द सांपडले. सासरचें नांवहि नाहीं. एका वडीलधाऱ्या नातलगांनीं सुचविलें, “गंगा लिही, नाहींतर यमुना. त्या काळीं हींच नांवें असत. कोरें बरें दिसत नाहीं.” त्यांचा हेतु वाईट नव्हता, किंबहुना पणजीविषयीं आदर होता म्हणूनच त्यांना ती जागा रिकामी पाहवेना. मीहि दोन दिवस घुटमळलों. गंगा लिहिलें असतें तर सूचींत एक बाई दिसली असती, पण ती माझी पणजी नसती. शेवटीं तेथें आडवी रेघ ओढली, पुढें ‘माहेर एरंडोल’ लिहिलें, आणि सूचींत ती रेघ ‘अ’च्याहि आधीं, पहिल्या ओळींत घातली. छापखान्यांतील माणसानें ती चूक समजून काढून टाकली. दुसऱ्या मुद्रितांत मीं ती परत घातली.