सुझन कुठे आहे?

सी. एस. लुईस यांची 'क्रॉनिकल्स ऑफ नार्निया' ही सात पुस्तकांची मालिका १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाली. बेलफास्टमध्ये जन्मलेले लुईस ऑक्सफर्डला व पुढे केंब्रिजला इंग्रजी साहित्याचे अध्यापक होते. २००५ सालापासून आलेल्या चित्रपटांमुळे, कपाटातून नार्नियात शिरणारी ती चार भावंडे आपल्याही मुलांच्या ओळखीची झाली. ही माझी आवडती पुस्तके. तरीही 'द लास्ट बॅटल' या अखेरच्या पुस्तकातील एक पान दर वाचनात मनाला बोचते.

नार्नियाचा अंत जवळ आला आहे. एका तबेल्याच्या दारापलीकडे अस्लान या सिंहाचा अक्षय प्रदेश आहे आणि पीटर, एडमंड व लूसी तेथे पोहोचली आहेत. चौथी, सुझन, दिसत नाही. विचारणा होताच पीटर मोजक्या शब्दांत सांगतो की, ती आता नार्नियाची स्नेही राहिलेली नाही. लगेच इतरांना कंठ फुटतो. कोणी म्हणते, नार्नियाला ती आता लहानपणीचा खेळ समजते. कोणी म्हणते, तिला नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि समारंभांची आमंत्रणे यांपलीकडे काही सुचत नाही. मग पीटर विषय आवरता घेतो आणि सारे जण झाडांवरची फळे चाखण्याकडे वळतात. इंग्लंडातील रेल्वे अपघातात आपला मृत्यू झाला आहे, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नाही, हे खरे. पण सख्ख्या बहिणीचा विषय इतक्या लवकर संपावा?

त्याच दारातून एमेथ नावाचा एक तरुण सैनिक आत येतो. तो शत्रुपक्षाचा, बालपणापासून टॅश या क्रूर दैवताचा उपासक. (त्याच्या देशबांधवांचे लुईस यांनी केलेले चित्रण पूर्वग्रहमुक्त नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.) आपल्या दैवताचे दर्शन व्हावे, मग प्राण गेला तरी चालेल, एवढ्या एकाच ओढीने तो आलेला असतो. त्याला भेटतो अस्लान. टॅश आणि अस्लान एकच, ही कथेतील वानराने पसरवलेली लबाडी आहे. अस्लान ती साफ नाकारतो. मात्र एमेथने शुद्ध भावाने केलेली सेवा तो स्वतःची म्हणून स्वीकारतो. 'एमेथ' या हिब्रू शब्दाचा अर्थच सत्य असा आहे. लुईस अँग्लिकन होते आणि २२ नोव्हेंबर १९६३ रोजी वारले. त्यानंतर वर्षभराने, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात म्हटले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रांजळपणे देवाला शोधतात व सदसद्विवेकाला अनुसरतात, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते.

परका आत आणि घरची लेक बाहेर, हा न्याय कोणता? इंग्रज लेखक फिलिप पुलमन यांनी १९९८ साली आक्षेप घेतला की, सुझन केवळ वयात येत होती आणि लुईस यांना तेच रुचले नाही. आक्षेपात तथ्य आहे. लिपस्टिकच्या उल्लेखात त्या काळच्या पुरुषी नजरेचा दर्प आहेच. परंतु मजकूर पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानी येते. सुझनविषयी जे काही बोलले जाते, ते भावंडांच्या आणि सोबत्यांच्या तोंडून. एमेथचा निवाडा स्वतः अस्लान करतो. सुझनबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

आणि ही सुझन म्हणजे कोण? पहिल्या पुस्तकात अस्लान मरणाला सामोरा जातो, त्या रात्री त्याच्यासोबत चालणाऱ्या दोन मुलींपैकी ती एक. रात्रभर त्या मृतदेहापाशी रडलेली आणि पहाटे त्याला पुन्हा जिवंत पाहिलेली. जिने एवढे पाहिले, ती ते विसरू शकते काय? आपल्या धर्मग्रामातील कित्येक आईवडिलांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा असतो. वेदीसेवा केलेला मुलगा, गायनवृंदात गायलेली मुलगी आता मिस्साला येत नाही. 'वाया गेली' हा निकाल शेजारी देतात, नातलग देतात, आणि कबूल करायला हवे, आम्ही धर्मगुरूही देतो. संत लूकच्या पंधराव्या अध्यायातील थोरला भाऊ अंगणातच उभा राहतो. तो अखेर आत गेला की नाही, हे तेथे लिहिलेले नाही. त्याची समजूत घालायला बाप मात्र मेजवानी सोडून बाहेर आला होता.

१९५७ साली एका बालवाचकाला लिहिलेल्या पत्रात लुईस यांनी म्हटले होते की, सुझन अजून जगते आहे, सुधारायला तिला अवधी आहे आणि कदाचित ती आपल्या वाटेने अस्लानच्या प्रदेशात पोहोचेलही. पुस्तक संपते तेव्हा ती इंग्लंडमध्ये एकटी असते. आई, वडील, दोन भाऊ आणि बहीण अशी घरची पाच माणसे त्या एकाच अपघातात गेलेली असतात. त्या दिवशी तिच्या दारी कोण गेले, हे लुईस यांनी लिहिलेले नाही.