सोसण्याचे कौतुक कोणाच्या सोयीचे?

मार्च उजाडला की कचेऱ्यांमध्ये महिला दिनाची लगबग सुरू होते. फेटे, गुलाबाचे फूल, एखादे व्याख्यान, एखादा सत्कार. व्याख्यानात सक्षमीकरण, खंबीरपणा, समावेशकता हे शब्द हमखास येतात आणि सत्कार बहुधा अशा बाईचा होतो, जिने फार सोसलेले असते. सोसूनही ती हसतमुख राहिली म्हणून टाळ्या वाजतात. तिला इतके सोसावे का लागले, हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा नसतो.

नेमक्या याच दिवसांत राज्यातल्या उसाच्या फडांमध्ये हंगाम सरत आलेला असतो. बीडमधून, मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून, पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेल्या बाया तिथे अजून वाकलेल्या असतात. ‘नोकरदार महिला’ म्हटले की त्यांचा चेहरा आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. देशातल्या कष्टकरी स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त शेतीतच राबतात, तरीही कामाची जागा म्हटले की आपल्याला टेबल, खुर्ची आणि संगणकच आठवतो. कामाच्या जागी बाईला माणूस म्हणून किती जागा आहे, हे तपासायचे असेल तर फडाकडेच बघायला हवे.

फडात कामगार म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो. ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते आणि टनामागे ठरलेल्या मजुरीतून दोघांनी मिळून फेडायची असते. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. विधवेला किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईला काम हवे असेल, तर भाऊ, दीर, मुलगा असा कोणीतरी जोडीला शोधावा लागतो. या पट्ट्यात मुलींची लग्ने कोवळ्या वयात उरकली जातात. त्यामागच्या अनेक कारणांत पूर्ण कोयत्याची उचल मिळावी, हेही एक असते.

तोडलेला ऊस गोळा करणे, वाढ्यांचे बंध करून मोळ्या बांधणे, मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वाहनावर चढणे, हे बाईचे काम. त्याआधी पहाटे उठून पाणी आणायचे, भाकऱ्या थापायच्या, लेकरे आवरायची. वाहन रात्री आले तर भरायचेही रात्रीच. एवढे करून पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा हिशेब नवऱ्याशी होतो. अंगावर किती फिरले, पुढच्या सालासाठी किती उचलायचे, हे तोच ठरवतो. मुकादमाच्या वहीत तिच्या नावाची ओळ नसते.

त्या वहीत एक रकाना मात्र तिच्या चांगल्याच ओळखीचा असतो. तो खाड्याचा. एक दिवस काम चुकले की दंड. दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत कापून घेतले जातात, असे २०१९ मधल्या बातम्यांतून पुढे आले. शेताच्या कडेला संडास नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही, राहत्या कोपीला दार नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी तेवढीच वाहायची. अंगावरून पाणी जाते, ओटीपोट दुखते, ताप येतो. हंगाम संपेपर्यंत हे सगळे अंगावरच काढायचे. अगदी असह्य झाले की तालुक्याच्या गावी एखाद्या खासगी दवाखान्यात जायचे. तिथे कॅन्सरची भीती घातली गेली, तर पुढचा सल्ला ठरलेला: पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.

किती बायांनी पिशवी काढली, हे पुढे मोजले गेले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एकीचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास या वयोगटातले देशाचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. बीडमधल्या बायांच्या शरीरात निसर्गाने काही वेगळे घातले नव्हते. वेगळे होते ते त्यांचे काम, आणि त्या कामाच्या आडोशाने चाललेला दवाखान्यांचा धंदा.

माणूस अडचणीतून वाट काढतो, याला आपण चिवटपणा म्हणतो आणि तो गुणच आहे. पण इथे काय घडले ते पाहा. कामाच्या रीतीने जराही बदलायचे नाकारले, तेव्हा बाईने आपले शरीर बदलून घेतले. काम बुडू नये, दंड पडू नये, उचल फिटावी म्हणून. परिस्थितीशी जुळवून घेण्याचा याहून पूर्ण नमुना कुठे मिळणार? तरीही कोणत्याही व्यासपीठावरून आपण याचे कौतुक करू धजणार नाही. यातच चिवटपणाच्या गौरवातली गोम आहे. सोसण्याची ताकद हा सोसणाऱ्याचा गुण असतो. सोसायला लावणाऱ्याच्या हातात तोच गुण सवलत होऊन बसतो. ती निभावून नेते ना, मग पाण्याचा टँकर कशाला? ती बोलत नाही ना, मग सुट्टी कशाला?

यावर एक उत्तर नेहमी येते. कोणी बळजबरी केली नव्हती, बायांनी सहीने किंवा अंगठ्याने संमती दिली होती. संमती होती हे खरे. पण एका बाजूला दुखणे आणि दंड, दुसऱ्या बाजूला शस्त्रक्रिया आणि कर्ज, एवढ्याच दोन वाटा समोर ठेवून जो होकार घेतला जातो त्याला निवड म्हणायचे का? सक्षमीकरणाची माझी व्याख्या साधी आहे: ‘नाही’ म्हटल्यावरही ज्या बाईची चूल पेटते, ती सक्षम. बाकी सगळी भाषणे.

बाहेर ओरड झाल्यावर प्रशासनाने काही पावले उचलली. खासगी दवाखान्यात गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. हे आवश्यक होते. पण परवानगीचा कागद शस्त्रक्रियेच्या दारात आडवा येतो. संडास, पाणी आणि भरपगारी सुट्टी या गोष्टी त्याच्या कितीतरी आधीच्या. तिथपर्यंत हात पोचायला वेळ लागतो, कारण त्या नेमक्या कोणी द्यायच्या हेच ठरत नाही. कारखाना म्हणतो, मजूर आमच्या हजेरीपटावर नाहीत. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी पैसे पोचवणारा. शेतकरी म्हणतो, मी फक्त ऊस दिला. प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरे असते आणि त्या खरेपणातून जबाबदारी निसटते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे ठरले, ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रे देणे सुरू झाले. या गोष्टी वरवर किरकोळ वाटतील. पण ‘हा मजूर आमचाही आहे’ ही कबुली त्यांत आहे.

बाईच्या सुरक्षिततेपुरते पाहिले, तर कायदा नाही असे नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा शेतमजूर बाईलाही लागू आहे. जिथे दहापेक्षा कमी कामगार आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. या कायद्याचे मूळ कुठे आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते कुठल्या काचेच्या इमारतीत नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या. १९९२ मध्ये त्यांनी एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याचा प्रयत्न केला. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या या कामाचा सूड त्यांच्यावर सामूहिक बलात्कार करून उगवला गेला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळे केले. महिला संघटना त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या; १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे आली. पुढचा कायदा त्यांवरच उभा राहिला.

गावात, उन्हातान्हात, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या एका कुंभार बाईने जे भोगले, त्यातून मिळालेले संरक्षण आज शहरातल्या कचेऱ्यांत समितीच्या फलकावर झळकते. ते झळकायलाच हवे. पण जिथून निघाले त्या बांधावर ते अजून धड पोचलेले नाही. हक्काची किंमत एकीने मोजायची आणि तो वापरायला मिळायचा दुसरीला, हे ऋण आपल्या नीतिविचारात कुठेतरी नोंदवलेले असावे.

हे सगळे असेच चालायचे, असे म्हणून सुस्कारा सोडणे सोपे आहे. पण त्याला पुण्यातला एक अनुभव आडवा येतो. तिथल्या कचरा वेचणाऱ्या बाया, बहुसंख्य दलित समाजातल्या, वर्षानुवर्षे कचराकुंड्यांमध्ये वाकून भंगार गोळा करत होत्या. पोलिसांनी हटकावे, कुत्र्यांनी भुंकावे, लोकांनी नाक मुरडावे. १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. संघटनेच्या रेट्यामुळे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांवर मान्यतेची मोहोर उठवली. पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. तीच बाई, तोच कचरा. मात्र आता ती दारावर हक्काने येते, तिच्या कामाचे शुल्क ठरलेले असते आणि ते थकले तर ती विचारू शकते.

याच बायांनी शहराला आणखी एक धडा दिला. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा, त्यावर लाल ठिपका काढा आणि वेगळे द्या, एवढीच त्यांची मागणी. सुशिक्षित घरांना आपल्या कचऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी उघडे हात असतात, याची आठवण त्या ठिपक्याने करून दिली. पुण्यातले प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. करार, नूतनीकरण, खासगी ठेकेदारांची टांगती तलवार हे तिथेही आहेच. पण एक गोष्ट तिथे दिसली. या बाया आधी काही कमी चिवट नव्हत्या. फरक पडला तो नाव नोंदले गेल्याने, एकत्र आल्याने आणि समोर उत्तर द्यायला कोणीतरी ठरल्याने. एकटीच्या चिवटपणाला खाडा भरावा लागतो. संघटनेचा चिवटपणा करार करायला लावतो.

कचेरीतल्या वाचकाला हे दूरचे वाटेल. मोजमाप लहान असते, रीत तीच असते. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा कायद्याने आहे, पण रजेवरून परतलेल्या बाईकडे बढतीच्या वेळी ‘तिला आता जमणार नाही’ म्हणून बघितले जाते. पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, पण ती मागणारी बाई कटकटी ठरते आणि सासूबाईंना गावाहून बोलावून घेणारी समजूतदार ठरते. विक्रीसाठी फिरणारी मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, कारण वाटेत स्वच्छतागृह नाही. तिच्या कामाच्या झपाट्याचे कौतुक होते, तहानेचा विषय निघत नाही. प्रत्येक ठिकाणी व्यवस्थेची उणीव बाईच्या गुणाने भरून काढलेली असते.

म्हणून एक कसोटी सुचवावीशी वाटते. आपल्या हाताखाली, शेजारी किंवा घरी राबणाऱ्या ज्या बाईचे आपल्याला कौतुक वाटते, तिच्या कौतुकाचे कारण एका वाक्यात लिहावे. मग त्या कारणातला कोणता भाग आपल्या हयगयीने जन्माला आला आहे, तो शोधावा. हजेरीपटावर तिचे नाव आहे का, मजुरी तिच्या खात्यात जाते का, आजारी पडली तर तिचे पैसे कापले जातात का, आणि ‘नाही’ म्हटल्यावर तिचे काम टिकते का? या चारांतल्या एकाचे जरी उत्तर आपल्याला खाली बघायला लावणारे निघाले, तर तिचा सत्कार पुढच्या वर्षावर ढकलावा आणि आधी ती गोष्ट करावी.